घरच्या ओव्हनमध्ये क्रोसाँ जमतं का? लोणावळा-मावळच्या हवेतलं बटर आणि घड्यांचं गणित

शनिवार-रविवारी लोणावळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, ती पूर्वी चिक्की, फज आणि कांदाभजीसाठी लागायची. आता त्यात कॅफेची भर पडली आहे. या कॅफेंच्या काचेच्या कपाटात एक चंद्रकोरीच्या आकाराचा, तपकिरी, पापुद्र्यांचा पदार्थ हमखास असतो. मेन्यूवर कुठे ‘क्रॉइसंट’ लिहिलेलं असतं, कुठे ‘क्रोसॉन’. फ्रेंच लोक त्याला साधारण ‘क्रोसाँ’ म्हणतात. एका नगाला शंभर-दीडशे, कधी दोनशे रुपये पडतात आणि घरी जाताना प्रश्न डोक्यात राहतो, की मैदा, बटर आणि यीस्टच तर आहे, मग हे घरी का होऊ नये?

होतं. पण यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून केलेला पहिला प्रयत्न बहुतेक घरांत फसतो. ट्रेमध्ये बटरचं तळं साचतं आणि त्यात पावासारखे गोळे तळून निघतात. यात करणाऱ्याच्या हाताचा दोष कमी आणि हवेचा जास्त असतो. ती पाककृती पॅरिस किंवा लंडनच्या १८-२० अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली असते आणि इथे एप्रिलच्या दुपारी ओट्याशेजारी ३४-३५ अंश तापमान असतं. म्हणून कृतीच्या आधी बटरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

क्रोसाँ मुळात फ्रेंच आहे का?

अर्धवट. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, पहाटे उठणाऱ्या बेकऱ्यांनी सुरुंगाचा आवाज ऐकून शहर वाचवलं आणि विजयाची आठवण म्हणून चंद्रकोरीच्या आकाराचा पाव केला, ही गोष्ट सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी फिरते. गोष्ट रंगतदार आहे, पण तिला त्या काळातला पुरावा नाही. चंद्रकोरीच्या आकाराचा ‘किप्फर्ल’ नावाचा पाव ऑस्ट्रियात त्याच्याही कितीतरी आधीपासून होता.

पुरावा मिळतो तो ऑगस्ट त्सांग या माणसाचा. हा ऑस्ट्रियन लष्करातला माजी तोफखाना अधिकारी. त्याने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडली. तिथला किप्फर्ल पॅरिसकरांना आवडला, इतर बेकऱ्यांनी त्याची नक्कल केली आणि चंद्रकोरीवरून फ्रेंच नाव पडलं. फ्रान्समध्ये या सगळ्या नाश्त्याच्या पदार्थांना आजही ‘व्हिएन्वाजरी’, म्हणजे ‘व्हिएन्नाकडचं’ असंच म्हणतात. त्सांग मात्र बेकरीत रमला नाही. तो व्हिएन्नाला परतला आणि १८४८ मध्ये त्याने ‘डी प्रेस’ हे वृत्तपत्र काढलं.

त्या काळातला क्रोसाँ पापुद्र्यांचा नव्हता. यीस्टच्या कणकेत बटरच्या घड्या घालून केलेलं आजचं क्रोसाँ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झालं. म्हणजे आज आपण ज्याला परंपरा म्हणतो ती जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे.

चिरोटे करणाऱ्या घराला हे नवं नाही

क्रोसाँचं तंत्र मराठी स्वयंपाकघराला परकं वाटतं, पण ते तसं नाही. दिवाळीत चिरोटे करताना काय करतात? तीन पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर साटा लावायचा, एकावर एक ठेवून गुंडाळी करायची, कापायची, हलक्या हाताने लाटून तळायची. साटा म्हणजे फेसलेलं तूप आणि त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर. हा साटा दोन थरांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि तळताना पापुद्रे सुटतात. घडीच्या पोळीतही हेच होतं. तेलाचं बोट फिरवून, पीठ भुरभुरून घातलेल्या घड्या तव्यावर वाफेने सुटतात.

बेकरीतली खारी ही तर क्रोसाँची सख्खी चुलत बहीण. खारीत यीस्ट नसतं आणि घड्या जास्त असतात, बाकी तत्त्व एकच. कणकेचा थर, चरबीचा थर, पुन्हा कणकेचा थर.

मग खारी कुठल्याही गावच्या बेकरीत मे महिन्यातही होते आणि क्रोसाँ का होत नाही? उत्तर चरबीत आहे. बहुतेक बेकऱ्यांत खारी वनस्पती किंवा बेकरी मार्जरीन वापरून करतात. ही चरबी मुद्दाम अशी बनवलेली असते की भट्टीशेजारच्या उकाड्यातही ती घट्ट राहते. बटर ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं आणि २५-२६ च्या पुढे इतकं मऊ पडतं, की लाटण्याच्या पहिल्याच फेरीत कणकेत मुरतं. एकदा मुरलं की थर संपले. जे उरतं तो फार तर चांगला बटर-पाव असतो. (आणि मराठी बेकरीत ‘बटर’ म्हटलं की चहात बुडवायचा तो कडक गोल पदार्थ हातात पडतो, हा घोळ वेगळाच.)

तूप का चालत नाही, हाही प्रश्न नेहमी येतो. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि ती वरचा थर उचलते. तुपात पाणी जवळपास नसतंच. चिरोट्यात हे खपतं, कारण तिथे गरम तेल-तूप थरांमध्ये शिरून त्यांना सुटं करतं. क्रोसाँ ओव्हनमध्ये कोरडं भाजलं जातं, त्याला वाफ हवी.

कोणतं बटर घ्यायचं?

फ्रान्समधल्या बेकऱ्या घड्यांसाठी खास ‘कोरडं’ बटर वापरतात. त्यात फॅट ८२ ते ८४ टक्के असतं आणि ते गार असतानाही वाकतं, तुटत नाही. भारतात टेबल बटरसाठी किमान ८० टक्के मिल्क फॅट असा नियम आहे आणि दुकानात मिळणारं नेहमीचं बटर त्याच्याच आसपास असतं. दोन-चार टक्क्यांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण जास्तीच्या पाण्यामुळे आपलं बटर फ्रिजमधून काढल्यावर ठिसूळ होतं आणि लाटताना त्याचे तुकडे पडतात.

यावर सोपा उपाय आहे आणि तो साट्याचाच आहे. घडीसाठी घेतलेल्या २५० ग्रॅम बटरमध्ये २५ ग्रॅम मैदा मिसळायचा. मैदा जास्तीचं पाणी धरून ठेवतो, बटर जरा उशिरा मऊ पडतं आणि जरा उशिरा तुटतं. तांदळाची पिठी साट्यात जे काम करते तेच काम.

मिठाचं बटर की बिनमिठाचं? बिनमिठाचं उत्तम, पण कामशेत किंवा वडगावच्या किराणा दुकानात ते मिळेलच असं नाही. पिवळं, नेहमीचं मिठाचं बटर चालतं. त्यात साधारण २ टक्के मीठ असतं, म्हणजे २५० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम. तेवढं मीठ कणकेतून कमी करायचं, इतकंच.

घरचं लोणी हा भावनेचा विषय आहे. मावळात म्हशी आहेत, सायीचं ताजं लोणी आहे आणि म्हशीच्या दुधातली चरबी गाईच्या दुधातल्या चरबीपेक्षा थोडी कडकही असते. तरी घडीसाठी घरचं लोणी वापरू नये. ते कितीही धुतलं, दाबलं तरी त्यात पाणी जास्त राहतं आणि प्रत्येक वेळी वेगळं राहतं. कणीक मळताना घालायच्या ३० ग्रॅमसाठी मात्र ते खुशाल वापरावं, वास सुंदर येतो.

लोणावळ्यात कोणता महिना बरा?

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर आहे. उंचीमुळे बेकिंग बिघडतं, असं इंटरनेटवर वाचून काहींना काळजी वाटते. ती विसरून जावी. इतक्या उंचीवर पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांना उकळतं आणि क्रोसाँला त्याचा फरक पडत नाही. फरक पडतो तो तापमानाचा आणि दमटपणाचा.

डिसेंबर-जानेवारी हा राजा महिना. सकाळी सहा ते नऊ या वेळात पंखा बंद ठेवून ओट्यावर काम केलं तर खोलीतच १६ ते १९ अंश मिळतात. ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा ओटा रात्रभरात गार झालेला असतो. पॅरिसचे बेकर संगमरवरी फळीसाठी पैसे मोजतात, इथे ती घरातच आहे. या दिवसांत अडचण उलटी येते, शेवटचं फुगणं फार हळू होतं.

मार्च ते मे टाळलेलं बरं. हौस असेल तर एसी लावलेल्या खोलीत, टेबलावर, पहाटे.

जुलै-ऑगस्टबद्दल मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, काडेपेटी पेटत नाही, अशा हवेत कुरकुरीत पदार्थ कसा होणार, असं वाटतं. पण या दिवसांत दिवसाही तापमान २२ ते २५ अंशांच्या आसपास राहतं. लाटायला हे एप्रिलपेक्षा कितीतरी सोपं. फुगायला ठेवलेल्या क्रोसाँवर सालही धरत नाही, कारण हवा ओलीच असते. पावसाळ्याचा त्रास भाजून झाल्यावर सुरू होतो. बाहेरचं कवच तासाभरात मऊ पडतं. चिक्कीवाले पावसाळ्यात चिक्की उघडी ठेवत नाहीत, त्याचं कारणही हेच. साखर आणि गूळ हवेतलं पाणी ओढतात. भाजलेलं कोरडं पीठही ओढतं.

पावसाळ्यात मैदाही ओलसर झालेला असतो, त्यामुळे पाणी १०-१५ मिलिलिटर कमी लागतं. आणि यीस्ट तपासून घ्यावं. अर्धा कप कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट टाकून दहा मिनिटांत फेस आला नाही, तर ते पाकीट फेकून द्यावं. उघडलेलं यीस्ट हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये टिकतं, मसाल्याच्या मांडणीत नाही.

एक धोका राहतोच, वीज जाण्याचा. ही पूर्ण कृती फ्रिजवर उभी आहे. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला की वीज जाते, हे मावळात कुणाला सांगायला नको. घड्या चालू असताना वीज गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, कणीक आतच राहू द्यायची. दोन-तीन तास काही बिघडत नाही. वीज जाऊन-येऊन करत असेल, तर त्या दिवशी पुढच्या घडीचा विचार सोडून कणीक फ्रीजरमध्ये टाकावी.

साहित्य : १६ मध्यम क्रोसाँसाठी

मैदा ५०० ग्रॅम. थंड दूध १३० मिलिलिटर आणि थंड पाणी १३० मिलिलिटर. साखर ५५ ग्रॅम. इन्स्टंट ड्राय यीस्ट ७ ग्रॅम. मीठ, बिनमिठाचं बटर असेल तर १० ग्रॅम, नाहीतर ५ ग्रॅम. कणकेत घालायला मऊ बटर ३० ग्रॅम. घडीसाठी गार बटर २५० ग्रॅम आणि त्यात मिसळायला २५ ग्रॅम मैदा.

वाटी-चमच्याने मोजून हे होत नाही. पाच-सहाशे रुपयांचा डिजिटल काटा ही या कामातली सगळ्यात गरजेची खरेदी आहे, ओव्हनच्या थर्मामीटरच्याही आधी.

मैद्याच्या पाकिटावर प्रोटीनचा आकडा पाहावा. १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम किंवा जास्त असेल तर उत्तम. आपल्या मैद्याचा आकडा अनेकदा १० च्या आसपास असतो. त्यानेही क्रोसाँ होतात, फक्त कणीक लाटताना जरा हळुवार हात ठेवावा लागतो. आरोग्याच्या विचाराने गव्हाचं पीठ घालायचा मोह होतो, पण कोंड्याचे कण थर फाडतात. ज्यांना पौष्टिक खायचं आहे त्यांच्यासाठी मावळात नाचणीची भाकरी आहे. २८० ग्रॅम बटरच्या पदार्थाने पौष्टिक असल्याचा आव आणू नये.

खर्चाचं गणितही करून टाकू. सप्टेंबर २०२५ मध्ये बटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि अमूल बटरच्या १०० ग्रॅम पाकिटाची छापील किंमत ६२ वरून ५८ रुपये झाली. त्या दराने २८० ग्रॅम बटर साधारण १६२ रुपयांचं. मैदा, दूध, साखर, यीस्ट, वीज धरून एक क्रोसाँ पंधरा रुपयांच्या आसपास पडतं. बाकी कॅफेत जे पैसे जातात ते जागेचं भाडं, पगार, एसी आणि दोन दिवसांच्या मेहनतीचे असतात. घरी ही मेहनत कुणीतरी फुकट करत असतं, हेही लक्षात ठेवावं.

पहिली संध्याकाळ

सगळं कोरडं साहित्य, मऊ बटर, थंड दूध-पाणी एकत्र करून कणीक मळायची. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेपेक्षा सैल. चार-पाच मिनिटं पुरतात. पावासारखी पंधरा मिनिटं मळली तर कणीक रबरासारखी होते आणि दुसऱ्या दिवशी लाटताना मागे मागे येते. चपटा चौकोन करून, झाकून, रात्रभर फ्रिजमध्ये.

बटर ओट्यावर पाच-दहा मिनिटं ठेवून त्यात मैदा मिसळायचा, बटर पेपरच्या दोन तावांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकत-लाटत १८ सेंटिमीटरचा चौकोन करायचा. कडा सरळ, जाडी सारखी. बटर पेपरची घडी आधीच १८ सेंटिमीटरवर घातली तर कडा आपोआप सरळ येतात. हाही फ्रिजमध्ये.

दुसरी सकाळ : घड्या

खरी परीक्षा इथे आहे, म्हणून घाई नको.

लाटणं सरळ, लांब हवं. घरातलं पोळीचं लाटणं दोन्ही टोकांना निमुळतं असतं, त्याने मधला भाग पातळ आणि कडा जाड राहतात. पोळपाट तर फारच लहान पडतो, थेट ओट्यावर लाटावं. ओटा गरम वाटत असेल तर बर्फाच्या पाण्याची थाळी पाच मिनिटं ठेवून, पुसून कोरडा करावा.

बटर आधी फ्रिजमधून काढायचं, सात-आठ मिनिटं. मग बटर पेपरसकट कोपरा वाकवून पाहायचा. कट्‌कन तुटला तर अजून थंड आहे. बोट लगेच रुतलं तर उशीर झाला. चामड्याच्या पट्ट्यासारखं वाकलं की वेळ आली. थर्मामीटर असेल तर हे तापमान १३ ते १५ अंश असतं. कणीक आणि बटर यांचा कडकपणा सारखा असणं, पूर्ण कृतीतली हीच एक गोष्ट आहे जिला पर्याय नाही.

कणीक २६ सेंटिमीटरच्या चौकोनात लाटायची. त्यावर बटर तिरकं ठेवायचं, म्हणजे बटरचे कोपरे कणकेच्या बाजूंच्या मध्यावर येतात. कणकेचे चारही कोपरे पाकिटासारखे आत दुमडून शिवण घट्ट दाबायची. बटर कुठूनही दिसता कामा नये.

आता हे पाकीट साधारण २० बाय ६० सेंटिमीटर लांब लाटायचं. आधी लाटण्याने जागोजागी हलके दाब द्यायचे, मग लाटायचं. जास्तीचं पीठ ब्रशने झटकायचं. पत्राची करतात तशी तिहेरी घडी घालायची. ही पहिली घडी. झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. मग कणीक ९० अंशांत फिरवून पुन्हा तसंच लाटणं, तिहेरी घडी, अर्धा तास. आणि तिसऱ्यांदा.

तीन घड्यांचे बटरचे थर किती? तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. जास्त घड्या म्हणजे जास्त पापुद्रे, असं वाटून चौथी-पाचवी घडी घालण्याचा मोह होतो. पण थर इतके पातळ होतात की बटर कणकेत मिसळतं आणि आतलं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं जाऊन पाव उरतो. खारीला जास्त घड्या चालतात, कारण तिला जाळी नको, पापुद्रे हवेत.

लाटताना मधेच बटरचे पिवळे तुकडे फरशीच्या ठिपक्यांसारखे दिसू लागले तर ते जास्त थंड आहे, दोन-तीन मिनिटं थांबावं. कणीक लकाकू लागली, ओट्याला चिकटू लागली तर मात्र तिथेच थांबून ताबडतोब फ्रिजमध्ये टाकावी. ‘एवढी एक घडी उरकू या’ म्हणून पुढे रेटलेली कणीक वाचत नाही. एप्रिलमध्ये प्रत्येक घडीला तीन-चार मिनिटांहून जास्त वेळ हातात नसतो, जानेवारीत दहा मिनिटं मिळतात.

आकार आणि फुगवणं

तिसऱ्या घडीनंतर कणकेला किमान दीड-दोन तास फ्रिजमध्ये विश्रांती. मग तिचे दोन भाग करायचे. एक भाग फ्रिजमध्ये ठेवून दुसरा २० बाय ५५ सेंटिमीटर, साधारण साडेचार मिलिमीटर जाड लाटायचा. धारदार सुरीने किंवा पिझ्झा कटरने १२ सेंटिमीटर पायाचे उलटसुलट त्रिकोण कापायचे. एका पट्टीत आठ बसतात. त्रिकोण हातात धरून हलकेच लांब करायचा आणि पायाकडून टोकाकडे गुंडाळायचा. टोक खाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओव्हनमध्ये गुंडाळी उलगडते. कापलेल्या कडांवर बोट फिरवायचं नाही, थर चिकटतात.

बहुतेक लोकांचे क्रोसाँ यापुढच्या टप्प्यावर बिघडतात. फुगायला गरम जागा हवी, असं पावामुळे डोक्यात बसलेलं असतं, म्हणून ट्रे उन्हात किंवा तापवलेल्या ओव्हनमध्ये ठेवला जातो. बटर तिथेच वितळतं. क्रोसाँला २४ ते २६ अंश पुरतात, २७ च्या वर जाऊ नये. या तापमानाला सव्वादोन-अडीच तास लागतात. पावसाळ्यात लोणावळ्यातली खोली जवळपास याच तापमानाला असते, काही करावं लागत नाही. जानेवारीत बंद ओव्हनमध्ये कोमट पाण्याची वाटी ठेवावी आणि तरी चार तासांची तयारी ठेवावी.

झालं कसं ओळखायचं? आकार दुपटीजवळ जातो, कडेला थर मोजता येतील इतके दिसतात आणि ट्रे हलवला की क्रोसाँ खरवसासारखे थरथरतात. थरथरत नसतील तर थांबावं. कमी फुगलेल्या क्रोसाँमधूनही ओव्हनमध्ये बटर गळतं, फक्त त्याचा दोष लोक बटरला देतात.

भाजणं

वरून चमक येण्यासाठी फेटलेलं अंडं लावतात. क्रोसाँच्या पारंपरिक कणकेत अंडं नसतंच, ते फक्त वरून असतं. त्यामुळे माळकरी किंवा अंडं न खाणाऱ्या घरात पदार्थाला धक्का न लावता ते वगळता येतं. दोन चमचे साय, एक चमचा दूध आणि चिमूटभर साखर लावली की रंग चांगला येतो, चमक थोडी कमी.

ओटीजी २१० अंशांवर वीस मिनिटं आधी तापवायचा, दोन्ही रॉड चालू. ट्रे आत गेल्यावर १९० वर आणायचा. १८ ते २२ मिनिटं. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही, वाफ जाते आणि फुललेले थर बसतात. एका वेळी सहा किंवा आठच ठेवावेत. दुसरा ट्रे तोवर थंड जागी थांबतो. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत २० अंशांचा फरक सहज असतो, म्हणून रंगावर भरवसा ठेवावा. सोनेरी नाही, गडद तपकिरी हवा. भारतीय घरांत क्रोसाँ बहुतेक वेळा लवकर बाहेर काढलं जातं. मग ते वरून छान दिसतं आणि आतून ओलं, कच्च्या पिठाच्या वासाचं राहतं.

ट्रेमध्ये थोडं बटर सुटणं ठीक. तळं साचलं तर वरच्या तीनपैकी एक कारण असतं. घडी घालताना बटर तुटलं, फुगवताना वितळलं किंवा पुरेसं फुगलं नाही. क्रोसाँ कापून पाहिलं की कळतं. मोठी, नीट पसरलेली जाळी म्हणजे सगळं जमलं. एका बाजूला पोकळी आणि खाली चिकट दाट थर असेल तर फुगवण्यात गडबड आहे. सगळीकडे पावासारखा एकसारखा बारीक गाभा असेल तर बटर घड्यांच्या वेळीच मुरलं होतं.

विकत घेताना ‘बटर’ खरं आहे का?

स्वतः करून पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. स्वस्त क्रोसाँमध्ये मार्जरीन किंवा बेकरी शॉर्टनिंग असणं बेकायदा नाही, ‘बटर क्रोसाँ’ म्हणून ते विकणं मात्र फसवणूक आहे. पाकीटबंद मालावर घटकांची यादी वाचावी. ‘एडिबल व्हेजिटेबल फॅट’, ‘मार्जरीन’, ‘शॉर्टनिंग’ हे शब्द बटरच्या आधी आले, तर बटर फक्त नावाला आहे. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते.

सुट्या मालात जिभेवर भरवसा. बटर तोंडात वितळून जातं. मार्जरीनचा वितळबिंदू शरीराच्या तापमानाच्या वर असू शकतो, त्यामुळे टाळूला मेणचट थर बसतो आणि चहा प्यायल्याशिवाय जात नाही. खारी खाल्ल्यावर येणारा तोच अनुभव. भेसळ ओळखण्याचा सरकारी इतिहासही गमतीचा आहे. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याचं बंधन भारतात अनेक दशकं राहिलं, कारण तिळाच्या तेलाला एका रासायनिक चाचणीत लाल रंग येतो आणि तुपात वनस्पती मिसळलं असेल तर ते पकडता येतं. ट्रान्स फॅटबद्दल मात्र परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. जानेवारी २०२२ पासून देशात तेल-चरबीतल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

घरी करून शेजारीपाजारी किंवा होमस्टेला विकायचा विचार असेल, तर एफएसएसएआयची नोंदणी घ्यावी लागते, प्रमाण कितीही लहान असलं तरी. आणि त्या वेळी मेन्यूवर ‘बटर’ लिहायचं असेल तर बटरच वापरावं लागतं, मे महिन्यातसुद्धा.

उरलेल्यांचं काय?

गुंडाळलेले, न फुगवलेले क्रोसाँ ट्रेवर कडक गोठवून, मग पिशवीत भरून फ्रीजरमध्ये तीनेक आठवडे ठेवता येतात. आदल्या रात्री ट्रेवर काढून फ्रिजमध्ये ठेवायचे, सकाळी बाहेर फुगवून भाजायचे. पाहुणे शनिवारी येणार असतील तर घड्यांचा पसारा बुधवारीच उरकतो.

भाजलेले क्रोसाँ त्याच दिवशीचे. पावसाळ्यात मऊ पडले तर १६० अंशांवर पाच मिनिटं पुरतात. मायक्रोवेव्हमध्ये चामट होतात. आत फज किंवा चॉकलेटचा तुकडा भरायचा असेल तर गुंडाळतानाच भरावा, चिक्कीचा चुरा मात्र भाजून झाल्यावर वरून, कारण १९० अंशांना गूळ करपतो आणि ट्रेला असा धरतो की तो खरवडण्यात रविवार जातो. दुसऱ्या दिवशी शिळे राहिलेच, तर फ्रान्समधल्या बेकऱ्या करतात ते करावं. मधून कापून साखरेच्या पाकात बुडवायचे, बदामाची पूड, बटर, साखर आणि अंडं फेटून केलेलं सारण भरायचं, वरून बदामाचे काप टाकून पुन्हा पंधरा मिनिटं भाजायचे. कॅफेत हे बदामाचं क्रोसाँ साध्यापेक्षा महाग मिळतं.